पोटात दुखतं, पण फक्त सरावाच्या दिवशी



आजचा लेख पोटदुखीपासून सुरू होतो. विषय मात्र मुलांच्या खेळाच्या मैदानाचा आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एक आजी नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. (मुलीची ओळख पटू नये म्हणून वय, खेळ, वार असे तपशील मी बदलले आहेत.) मुलगी तेरा वर्षांची, कबड्डी खेळणारी. आईवडील ऊसतोडीला गेलेले. आमच्या सोनपेठ भागात यात नवीन काही नाही. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. तोवर लेकरं आजीआजोबांकडे, नाहीतर वसतिगृहात.

"डॉक्टरसाहेब, पोरीचं पोट लई दुखतंय," आजी म्हणाल्या. मी तपासलं. पोट मऊ, ताप नाही, लघवीची तपासणी व्यवस्थित. जंताचं औषध दिलं. काही दिवसांनी दोघी पुन्हा आल्या, तेव्हा ॲसिडिटीचं औषध दिलं. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी करून आणायला सांगितली. तीही नॉर्मल आली. मी हसून म्हणालो, "काही नाही हो आजी, पोरीला शाळा चुकवायची असेल." मुलगी खाली बघत होती. ते हसणं मला अजून टोचतं.

चौथ्या वेळी आमच्या सिस्टरनं केसपेपर माझ्यापुढे ठेवला आणि तारखांवर बोट ठेवलं. "सर, ही दर वेळी मंगळवारी नाहीतर शुक्रवारीच येते." आजींना विचारलं, त्या दिवशी काय असतं? "संध्याकाळी खेळाचं असतंय की!"

आजींना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, सिस्टरना तिथंच थांबवलं आणि मुलीला विचारलं, "मैदानावर कुणाची भीती वाटते का गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर सगळ्यांना सोडतात. मला थांबवून घेतात. पायाला मालिश करायची म्हणतात."

पुढचं मी इथं लिहिणार नाही. तुम्हाला समजलं असेल.

फोन हातात होता, तरी मी थांबलो

अशी माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे मला माहीत होतं. तरीही मी जवळजवळ तासभर फोन केला नाही. तो प्रशिक्षक माझ्या ओळखीचा होता. मुलांचे मुरगळलेले पाय घेऊन तोच माझ्याकडे यायचा. त्याच्या सत्कारात मी टाळ्या वाजवल्या होत्या. 'एका लेकराच्या बोलण्यावरून एवढं मोठं पाऊल?' असं मन म्हणत होतं. आजी तर हात जोडून म्हणाल्या, "साहेब, चार महिन्यांनी मायबाप येतील, तवर गप राहू. पोरीचं नाव निघंल."

शेवटी सिस्टर म्हणाल्या, "सर, शुक्रवारी तिथं बाकीच्या पोरीही असणार."

मी फोन केला.

हा लेख त्या तासाभरासाठी आहे. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर तुमचा तास वाया जाऊ नये.

शरीर का बोलतं?

भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. त्यामुळे मनावरचा ताण थेट आतड्यांच्या हालचालीवर उतरतो. परीक्षेच्या सकाळी तुम्हाला दोनदा शौचाला जावं लागायचं, आठवतं? तेच हे. मूल खोटं बोलत नसतं, त्याचं पोट खरोखरच दुखत असतं. फक्त त्याचं कारण सोनोग्राफीत दिसत नाही.

पालकांनी या गोष्टींकडे लक्ष द्यावं:

- पोटदुखी, डोकेदुखी किंवा उलटी ठरावीक दिवशी, ठरावीक ठिकाणी जायच्या आधीच होते.
- कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, झोपेत दचकतं.
- आवडता खेळ अचानक नकोसा होतो आणि कारण विचारलं की मूल गप्प होतं.
- सांगितलेल्या कारणाशी न जुळणाऱ्या जखमा, वळ, चट्टे दिसतात.
- नवे बूट, मोबाइल, पैसे येतात आणि 'कुणी दिले' याचं सरळ उत्तर मिळत नाही.
- मूल एखाद्या मोठ्या माणसाशी लपून फोनवर बोलतं.

यातल्या कुठल्याही एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. पोटदुखीची शंभर कारणं असतात आणि वयात येणारी मुलं तशीही चिडचिडी होतात. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर शांतपणे विचारा. अजून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांच्या शारीरिक तपासणीत काहीच सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ 'काही घडलंच नाही' असा होत नाही. मुलाचं बोलणं हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो.

मैदानावरच का?

शाळेत तीस-चाळीस मुलांमागे एक शिक्षक आणि चार भिंती असतात. मैदानावर पहाटेचा अंधार असतो, परगावच्या स्पर्धा असतात, मुक्काम असतात. शरीराला हात लावणं हा शिकवण्याचाच भाग असतो. पकड दाखवायची, ताण द्यायचा, दुखरा स्नायू चोळायचा. त्यामुळे योग्य स्पर्श कुठे संपला आणि अयोग्य कुठे सुरू झाला, हे मुलालाच कळत नाही.

दुसरं कारण आपल्या भागाचं आहे. इथं खेळ ही निव्वळ करमणूक नसते. जिल्हा, विभाग, राज्य असं खेळत गेलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीच्या घराला एक प्रमाणपत्र म्हणजे वर येण्याची शिडी. ती शिडी ज्याच्या हातात, त्याला 'नाही' कसं म्हणायचं? संघात कोण खेळणार हे सर ठरवतात. मग मूल गप्प बसतं आणि कित्येकदा पालकही.

असं वागणारा माणूस पहिल्या दिवशी अंगाला हात लावत नाही. तो आधी घराचा विश्वास मिळवतो. 'तुमची पोरगी स्टेट खेळणार,' म्हणतो. बूट आणून देतो. मग वेगळा सराव, वेगळे मेसेज, मग 'हे आपल्या दोघांतच ठेव'. मूल गोंधळतं, कारण हा माणूस आतापर्यंत चांगलाच वागलेला असतो.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. त्रास देणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणून 'आपल्याला मुलगा आहे, काळजी नाही' हे मनातून काढून टाका. तालमीतला मुलगाही तितकाच असुरक्षित असू शकतो.

मोठी माणसं गप्प बसली की काय होतं

1990 मध्ये हरियाणातल्या पंचकुलात रुचिका गिरहोत्रा या चौदा वर्षांच्या टेनिस खेळाडूनं तक्रार केली. तक्रार राज्याच्या टेनिस संघटनेच्या अध्यक्षाविरुद्ध होती आणि तो माणूस पोलिस दलातला मोठा अधिकारी होता. गुन्हा नोंदवायलाच नऊ वर्षं गेली. दरम्यान तिची शाळा सुटली, घरच्यांना त्रास झाला आणि 1993 मध्ये तिनं आयुष्य संपवलं. त्याला दोषी ठरवणारा निकाल डिसेंबर 2009 मध्ये आला. तक्रारीनंतर 19 वर्षांनी.

दुसरं उदाहरण डॉक्टर म्हणून मला जास्त लाजवतं. अमेरिकेत लॅरी नासर हा जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. उपचाराच्या नावाखाली तो वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत राहिला. काही वेळा तर मुलीची आई त्याच खोलीत बसलेली असायची. काही मुलींनी आधीच सांगितलं होतं, पण 'एवढा मोठा डॉक्टर, त्याला उपचार कळतात,' म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. जानेवारी 2018 मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रियांनी न्यायालयात उभं राहून आपली कहाणी सांगितली आणि त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली. म्हणून माझ्यासकट कुठल्याही डॉक्टरला तुमच्या मुलाला एकट्यानं तपासू देऊ नका. सोबत कोणी तरी असावं हा तुमचा हक्क आहे, त्यात कुणाचा अपमान नाही.

आपल्याकडे ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना तुम्ही वाचलीच असेल. तिथं आरोपी सफाई कर्मचाऱ्याबरोबरच संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला, माहिती पोलिसांना दिली नाही म्हणून. हा मुद्दा प्रत्येक क्रीडा मंडळानं, तालमीनं, अकॅडमीनं भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

कायदा काय सांगतो?

2012 चा पॉक्सो कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे, मुलगा असो की मुलगी. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला समजेल, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'आपसात मिटवू' हा मार्गच कायद्यात नाही. उलट, चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. माझ्या त्या तासाभरात मला हेच वाक्य आठवायला हवं होतं.

पालकांना जास्त भीती पोलिस ठाण्याची असते. म्हणून हेही माहीत असू द्या:

- मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेता येतो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, आणि शक्यतो महिला अधिकारी असावी.
- मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही.
- मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते. त्या वेळी आई, वडील किंवा मुलीच्या विश्वासातलं माणूस सोबत राहू शकतं. गुन्हा नोंदायचा बाकी असला, तरी तपासणी नाकारता येत नाही.
- उपचार सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांत मोफत.
- मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं हा गुन्हा आहे.
- राज्याच्या मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

"पोरीचं नाव निघंल" असं म्हणणाऱ्या आजींना मी यातलं बरंचसं समजावलं, तेव्हा कुठे त्यांचा श्वास खाली बसला.

अठरा पूर्ण झाली, मग?

आपल्या भागात पोलिस भरतीच्या अकॅडमी गावोगावी आहेत. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी मुलं-मुली तुम्ही रोज बघता. त्यातली बरीच अठराच्या पुढची, घरापासून लांब राहणारी. त्यांना पॉक्सो लागू नाही, पण महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा लागू आहे. त्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. 2023 मध्ये देशाच्या पदकविजेत्या कुस्तीपटू दिल्लीत धरणं धरून बसल्या. त्यांचे आरोप संबंधितांनी नाकारले, तो भाग न्यायालयाचा. पण कुस्ती महासंघात अशी रीतसर समितीच नव्हती, हे क्रीडा मंत्रालयानं स्वतः सांगितलं. एवढ्या मोठ्या संघटनेत नव्हती, मग आपल्या अकॅडमीत आहे का, एवढं तरी विचारा.

आता ज्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं त्यांच्याबद्दल. मैदानावर, तालमीत एखादा बौद्धिक अक्षमता असलेला तरुण असतो. गाद्या उचलतो, पाणी भरतो, सगळ्यांचं ऐकतो. त्याला टपल्या मारतात, नको ते करायला लावून मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि हसतात. अशा एका तरुणाच्या पाठीवरचे वळ मी बघितले आहेत. "कसं लागलं?" विचारलं तर तो हसून म्हणाला, "मित्रांनी." त्याला ते मित्रच वाटत होते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पॉक्सोसाठी जन्मतारखेचं वयच धरायचं, बुद्धीचं नाही. म्हणजे अशा प्रौढांना पॉक्सोचं छत्र नाही. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असल्याची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं. आपले तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. म्हणजे त्यासाठी परभणी गाठायची गरज नाही.

मंडळानं एवढे नियम केले तरी पुष्कळ

1. प्रशिक्षक आणि मूल बंद खोलीत किंवा गाडीत एकटे नकोत. वेगळा सराव असला तरी चार लोकांना दिसेल असा.
2. मालिश, पट्टी, दुखापत बघणं उघड्यावर, दुसऱ्या मोठ्या माणसासमोर.
3. मुलाला खासगी मेसेज नाही. निरोप पालक असलेल्या ग्रुपवर.
4. परगावी मुलींसोबत महिला व्यवस्थापक. प्रशिक्षक मुलांच्या खोलीत झोपणार नाही.
5. प्रत्येक प्रशिक्षकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी.
6. मारहाण, पाणी तोडणं, वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणं बंद. हाही छळच आहे.
7. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव फलकावर. ती व्यक्ती प्रशिक्षकाची नातेवाईक नसावी. शेजारी 1098 आणि 112 हे क्रमांक.

काही प्रशिक्षकांना हा अविश्वास वाटतो. मला त्यांचं दुःख कळतं. बहुतेक प्रशिक्षक पदरमोड करून, पहाटे उठून पोरं घडवतात. पण ऑपरेशनआधी हात धुतो म्हणून सर्जनचे हात घाणेरडे ठरत नाहीत. नियम असले की चांगल्या माणसावर संशय येत नाही आणि वाईट माणसाला संधी मिळत नाही.

मूल बोललं तर

ओरडू नका. 'आधी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न गिळून टाका. सांगा, "बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही." 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा आणि ताबडतोब रुग्णालयात आणा. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. आणि त्या माणसाला स्वतः जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होतो.

ती मुलगी पुढे वर्षभर मैदानाकडे फिरकली नाही. गावात काही जण माझ्याशी बोलेनासे झाले, काही जण रात्री उशिरा येऊन हळूच 'बरं केलं' म्हणून गेले. तिचं पोट मात्र दोन महिन्यांत थांबलं. आईवडील आल्यावर त्यांनी तिला दुसऱ्या ठिकाणी शिकायला ठेवलं. तिथं एक बाई खेळ शिकवतात. मागच्या वेळी ती गुडघा खरचटला म्हणून आली होती. मी टिंक्चर लावलं तशी ती ओरडली, मग हसली. केसपेपरवर मी तारीख लिहिली आणि सवयीनं वार बघितला.

तुमचं मूल आज संध्याकाळी मैदानावरून येईल. किती गुण झाले, हे तर विचाराच. पण त्याआधी विचारा, "आज तिथं बरं वाटलं का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.